भोपळ्याचा वेल आणि थकलेला बैल

भांडण कसे करावे हे शिकवणारी शाळा अजून कुणी काढलेली नाही. गाणे शिकवणारे आहेत, पोहणे शिकवणारे आहेत, अलीकडे तर श्वास कसा घ्यावा हेही फी घेऊन शिकवतात. पण ज्या एका गोष्टीवाचून आपल्यापैकी कुणाचाही आठवडा सुना जात नाही, ती मात्र ज्याने त्याने आपापल्या बुद्धीप्रमाणे उरकावी असा रिवाज आहे. त्यातून भांडण धर्माचे असले तर विचारूच नका. घरच्या भांडणात माणूस दमतो, भूक लागते, चहाची वेळ होते आणि प्रकरण आपोआप थंड पडते. देवाच्या नावाने भांडणाऱ्याला ही सोय नसते. आपण माघार घेतली तर आपल्याबरोबर देवालाही माघार घ्यावी लागेल, अशी बिचाऱ्याची समजूत असते!

म्हणूनच ख्रिस्ती धर्ममंडळाच्या इतिहासातले एक सोळाशे वर्षांपूर्वीचे भांडण मला फार आवडते. मी ख्रिस्ती नाही, त्या धर्मशास्त्राचा अभ्यासक तर मुळीच नाही. पण दोन मोठ्या माणसांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे वाचायला मिळाली तर ती खाली ठेवू नयेत एवढी रसिकता अंगी आहे. ही पत्रे जेरोम आणि ऑगस्टीन यांची. दोघांनाही पुढे संतपद मिळाले, पण पत्रे लिहिताना दोघेही चांगलेच माणसात होते.

जेरोमचा जन्म इ. स. ३४७च्या सुमाराचा. रोममध्ये शिकलेला, लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या तिन्ही भाषांत मुरलेला पंडित. पोप दमासस याच्या पदरी त्याने चिटणिशी केली आणि त्याच्याच सांगण्यावरून शुभवर्तमानांच्या लॅटिन भाषांतराची दुरुस्ती हाती घेतली. पोप वारल्यावर रोमशी त्याचे पटेना. तो उठला आणि अखेर बेथलेहेमला गेला. ३८६ पासून मरेपर्यंत तिथल्या मठात बसून त्याने जुना करार मूळ हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. विद्वत्ता अफाट आणि राग नाकाच्या शेंड्यावर! जुन्या वळणाचा एखादा शास्त्रीबुवा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे जेरोम फारसा परका वाटणार नाही.

ऑगस्टीन त्याच्याहून सात-आठ वर्षांनी धाकटा. उत्तर आफ्रिकेतला. आधी वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक. पुष्कळ भटकंती करून ३८७ साली त्याने बाप्तिस्मा घेतला. हिप्पो या बंदराच्या गावी (आजच्या अल्जीरियातले अन्नाबा) तो सहज म्हणून गेला, तर ३९१ साली तिथल्या लोकांनी त्याला अक्षरशः धरून धर्मगुरू करून टाकले. चार-पाच वर्षांत तो तिथला बिशप झाला. हिप्पो ते बेथलेहेम हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी अडीच हजार किलोमीटरांचे. दोघांची भेट जन्मात एकदाही झाली नाही. ऑगस्टीनचा जिवलग मित्र अलीपियस मात्र बेथलेहेमला जाऊन जेरोमला भेटून आला होता, आणि त्याच्या डोळ्यांनी आपण तुम्हाला पाहिले आहे, असे ऑगस्टीन मोठ्या लाघवाने लिहितो.

आता भांडणाचे मूळ. ते ऐकून मराठी वाचकाला ओळखीचे हसू येईल, कारण ते आहे पंगतीचे. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात ही हकीकत येते. अंत्युखिया नगरात पेत्र हा येशूचा ज्येष्ठ शिष्य यहुदी नसलेल्या ख्रिस्ती मंडळींबरोबर जेवायला बसत असे. यहुदी आचाराप्रमाणे ते निषिद्ध होते. पुढे यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली, तेव्हा पेत्र हळूच त्या पंगतीतून बाजूला होऊ लागला. त्याचे पाहून इतरही सरकले. पौल नंतर आलेला, येशूच्या हयातीत त्याच्या शिष्यांत नसलेला, एका अर्थी धाकटा. पण त्याने चारचौघांत पेत्राला तोंडावर सुनावले. पेत्राने यावर काय उत्तर दिले ते पौल लिहीत नाही. मला त्या कोऱ्या जागेचे नेहमी कुतूहल वाटते. पेत्राच्या नावाने असलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असा येतो, आणि त्याचे लिखाण समजायला जरा अवघड असते अशी पुस्तीही जोडलेली आहे. ते पत्र खरोखर पेत्राचेच का, याविषयी पंडितांना दाट शंका आहे. पण ज्याने कुणी लिहिले त्याला या दोघांतले संबंध असेच असावेत असे वाटत होते खास.

पॉर्फिरी नावाच्या एका ख्रिस्तविरोधी तत्त्वज्ञाने या प्रसंगाची थट्टा उडवली होती. तुमचे पहिले दोन पुढारी असे हमरीतुमरीवर येतात, मग बाकीच्यांचे काय? जेरोमला हे झोंबले. गलतीकरांच्या पत्रावर भाष्य लिहिताना त्याने जुन्या ग्रीक भाष्यकारांच्या आधाराने तोड काढली, की हे भांडण खरे नव्हतेच. लोकांना धडा मिळावा म्हणून दोघांनी संगनमताने वठवलेले ते नाटक होते. वडीलमाणसाची लाज राखण्याची ही युक्ती आपल्याही घराघरांत चालते.

ऑगस्टीनला ती पटली नाही. पवित्र ग्रंथात सोयीसाठी केलेली एक बतावणी आहे असे एकदा मान्य केले, की प्रत्येक जण आपल्याला नको असलेले वचन बतावणीत ढकलील, मग उरले काय? मुद्दा बिनतोड होता. त्याने ३९४-९५च्या सुमारास जेरोमला तसे पत्र लिहिले. आणि इथून त्या पत्राच्या दशा सुरू झाल्या.

त्या काळी टपाल नव्हते, पत्र कुणातरी प्रवाशाच्या हाती द्यायचे. पहिले पत्र ज्याच्याकडे दिले त्या गृहस्थाला निघण्यापूर्वीच बिशप नेमले गेले, आणि पुढे लवकरच तो वारला. दोन-तीन वर्षांनी ऑगस्टीनने दुसरे, अधिक सविस्तर पत्र लिहिले. ते नेणाऱ्याला समुद्राची भीती वाटली आणि तो गेलाच नाही. पण पत्राच्या नकला मात्र निघाल्या आणि इटलीभर फिरल्या. एक डीकन एड्रियाटिक समुद्रातल्या एका बेटावर गेला असता तिथे ऑगस्टीनच्या इतर लेखनात त्याला हे पत्र सापडले. अशा रीतीने जेरोमला आपल्यावरची टीका कळली ती सर्वांत शेवटी, तीही सहीवाचून आलेल्या नकलेतून. रोममध्ये तोवर कुजबूज झाली होती की आफ्रिकेच्या बिशपाने जेरोमविरुद्ध पुस्तक लिहिले आहे. भरीस भर म्हणजे, जेरोमने आपले म्हणणे जाहीरपणे मागे घ्यावे, अशी सूचनाही ऑगस्टीनने त्या पत्रात केली होती.

जेरोमच्या जागी तुम्ही असता तर? मी तर पहिला कागद ओढला असता. जेरोमने तसे केले नाही, आणि त्याचा स्वभाव ठाऊक असलेल्याला हे मोठेच आश्चर्य वाटते. त्याने उलट टपाली (म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी!) विचारले, की हे पत्र तुमचेच आहे का? असल्यास स्पष्ट सांगा, नाहीतर सही केलेली प्रत पाठवा. आपल्याच मंडळातल्या एका बिशपाला, त्याचे लिखाण आहे याची खात्री नसताना, तडकाफडकी उत्तर देणे मला शोभणार नाही. एवढे सौजन्य दाखवल्यावर मात्र शास्त्रीबुवा जागे झाले. मधात बुडवलेली तलवार पाहून आपण सावध झालो, हे त्याने सांगून टाकले. तुम्ही तरुण आहात, नाव मिळवण्यासाठी म्हाताऱ्याला डिवचू नका. थकलेला बैल पाय अधिक घट्ट रोवतो, हेही ऐकवले. हा म्हातारा त्या वेळी पंचावन्नच्या आसपासचा आणि ते तरुण अठ्ठेचाळीस-पन्नासचे, ही गंमत वाचकांनी ध्यानात ठेवावी.

त्या भटक्या पत्राची हकीकत वाचताना मला फार लांब जावे लागत नाही. एका सार्वजनिक वाचनालयाचा मी काही वर्षे चिटणीस आहे. तिथले अध्यक्ष जुने शिक्षक. पन्नास वर्षांतले एकही दिवाळी अंक न चुकवलेले, नव्या सभासदाला पहिले पुस्तक स्वतः निवडून देणारे. वाचनालयाच्या स्मरणिकेत त्यांनी संस्थेचा इतिहास लिहिला. एका तरुण सभासदाने जुनी इतिवृत्ते चाळून त्यात चार चुका दाखवल्या. चारही चुका खऱ्या होत्या. एका संस्थापकाचे नावच वगळले गेले होते, आणि ते नाव परत यावे ही त्या मुलाची तळमळही खरी होती. त्याने रीतसर पत्र लिहिले, पाकिटात घातले आणि माझ्या टेबलावर ठेवले. पण त्याआधी त्या पत्राचे छायाचित्र कुणीतरी सभासदांच्या फोनवर धाडले होते. अध्यक्षांना ते त्यांच्या सुनेने वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. मी घरी गेलो तर एवढेच म्हणाले, "अहो, मला आधी सांगितलं असतं तर मी हातानं दुरुस्त नसतं केलं?" तरुणाला भेटलो तर तो म्हणाला, "काका, मी खोटं काय लिहिलंय ते दाखवा." दोघांच्याही प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते पत्र आणि तो राजीनामा आज एकाच फायलीत एकावर एक आहेत. दोघेही वाचनालयात येत नाहीत, आणि नव्या सभासदाला पहिले पुस्तक आता कपाटाजवळचा जो असेल तो देतो.

ऑगस्टीनला जेरोमची उत्तरे मिळण्याआधीच त्याने आणखी एक पत्र धाडले होते, आणि त्यात दुसरी कुरापत होती. जेरोम हिब्रूवरून नवे भाषांतर करतो हे त्याला पसंत नव्हते. ग्रीक मंडळ्या आपले जुने ग्रीक भाषांतर वाचणार आणि लॅटिन मंडळ्या जेरोमचे नवे, म्हणजे दोघांत फूट पडणार, ही त्याची भीती. नमुन्यादाखल त्याने एक हकीकत कळवली. ओईया, म्हणजे आजचे लिबियातले त्रिपोली, इथल्या बिशपाने जेरोमचे भाषांतर देवळात वाचायला घेतले. योनाच्या गोष्टीत, निनवेबाहेर बसलेल्या योनावर देवाने ज्या झाडाची सावली केली, ते झाड लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्याचा वेल म्हणून ऐकले होते. नव्या भाषांतरात तिथे आयव्हीची वेल आली. झाले! देवळात गदारोळ उडाला. गावातल्या यहुद्यांना विचारले, तर त्यांनी जुन्याच पाठाच्या बाजूने कौल दिला. मंडळी हातची जाते असे पाहून बिशपाला मजकूर बदलावा लागला.

जेरोमने यावर दिलेला जबाब वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो होतो. तो म्हणतो, ते झाड ना भोपळा ना आयव्ही. रुंद पानांचे, झपाट्याने वाढणारे, आपल्याच बुंध्यावर उभे राहणारे ते झुडूप आहे. त्याला लॅटिनमध्ये नावच नाही, म्हणून जुन्या भाषांतरकारांच्या आधाराने आयव्ही लिहिले. राहिले ते यहुदी, तर त्यांना एक हिब्रू तरी येत नसेल, नाहीतर त्या भोपळेवाल्यांची फिरकी घ्यायची म्हणून ते मुद्दाम खोटे बोलले असतील! आजचे पुष्कळ अभ्यासक ते झाड एरंडाचे मानतात. आपल्या भाषेत बोलायचे तर हे निखळ एरंडाचे गुऱ्हाळ व्हायचे, पण तसे झाले नाही. त्याचे श्रेय कुणाला द्यावे?

माझ्या मते पहिला मान ऑगस्टीनच्या ४०४ सालच्या पत्राचा. जेरोमची नाराजी त्याला तोवर पोचली होती. त्याचबरोबर जेरोम आणि रुफायनस यांच्या भांडणाचे कागदही हाती आले होते. हे दोघे तरुणपणापासूनचे स्नेही. रुफायनसने केलेल्या एका भाषांतरावरून बिनसले, आणि दोघांनी एकमेकांवर पुस्तकेच्या पुस्तके लिहिली. (रुफायनस मेल्यावरही जेरोमने त्याला विंचू म्हणायचे सोडले नाही. तो संत असल्याचे मी वर लिहिले आहे ते वाचकांनी इथे आठवावे.) ते सारे वाचून ऑगस्टीन हादरला. असे मित्र जर असे वैरी होऊ शकतात, तर कोणत्या मित्राने कोणाचा भरवसा धरावा? तुम्ही दोघे मला एके ठिकाणी भेटता तर मी तुमच्या पायांवर लोळण घेतली असती, रडून विनवले असते, असे त्याने लिहिले. आपल्या पत्राने तुम्ही दुखावला असाल तर क्षमा करा, हेही लिहिले. मुद्दा मात्र सोडला नाही. क्षमा मागायची आणि मुद्दाही धरून ठेवायचा, या दोन गोष्टी एका पत्रात बसवणे किती कठीण असते, ते लिहून पाहावे.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारीत, जेरोमची मोठी आधार असलेली पॉला वारली होती. रोममधले वैभव सोडून ती त्याच्यामागोमाग आली होती, बेथलेहेमचे मठ तिच्या पैशावर उभे राहिले होते. त्या वर्षात जेरोमने ऑगस्टीनला दीर्घ उत्तर पाठवले. पत्र नेणारा डीकन तीन दिवसांत निघणार म्हणून ते घाईने लिहिले, असे तो म्हणतो. त्यात त्याने आपली बाजू सगळ्या हत्यारांनिशी लढवली आणि शेवटी, या म्हाताऱ्याला आता मठाच्या कोपऱ्यात स्वस्थ बसू द्या, असे लिहिले. मागोमाग एक लहानसे गोड पत्रही आले, की एकमेकांना इजा न करता शास्त्राच्या मैदानात आपण खेळूया.

ऑगस्टीनने ४०५ साली उत्तर दिले, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रव्यवहारातला गाभा इथे आहे. रूढीने ठरलेल्या मानाप्रमाणे बिशपाची पायरी साध्या धर्मगुरूच्या वर असेल, पण ऑगस्टीन पुष्कळ बाबतींत जेरोमच्या खालीच आहे, असे तो लिहितो. जेरोम बिशप कधीच नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या वाक्याची किंमत कळते. मग तो अंत्युखियाच्या पंगतीकडे वळतो. धाकट्यांनी सत्यासाठी थोरांना धीटपणे अडवावे हा पौलाचा कित्ता चांगलाच. पण थोराने धाकट्याकडून झालेली दुरुस्ती ऐकून घ्यावी, हा पेत्राचा कित्ता त्याहून दुर्मिळ आणि त्याहून पवित्र आहे, असा त्याचा अभिप्राय. म्हणजे जेरोम ज्या पेत्राची लाज राखायला नाटकाची कल्पना पुढे करत होता, त्या पेत्राचा मोठेपणा ऑगस्टीनला नेमका त्याने बोलणी खाल्ली यातच दिसला. आमच्या वाचनालयाच्या प्रकरणात त्या मुलाला नम्रतेचा उपदेश करायला निदान दहा माणसे धावली. अध्यक्षांकडे पेत्राची गोष्ट घेऊन कुणी गेले नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या वयाकडे पाहून ते सांगण्याची छाती मला अजून होत नाही.

आपल्याकडची पत्रे म्हणाल तर पंडिता रमाबाईंची आठवतात. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या जेराल्डीन नावाच्या मठवासी भगिनीने त्यांना आईच्या मायेने सांभाळले तिच्याशीच पुढे धर्मतत्त्वांवरून आणि चर्चच्या अधिकारावरून त्यांचा कडाक्याचा वाद झाला. क्रॉसवर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द का नसावेत, इथपर्यंत तो पोचला. रमाबाई तिला लिहिताना 'आजीबाई' म्हणत, आणि त्याच पत्रात तिचे म्हणणे खोडून काढत. वाद मिटला असे काही झाले नाही. पण रमाबाईंची तिखट पत्रेसुद्धा जेराल्डीनने जपून ठेवली, त्यांचे संकलन केले. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ते प्रसिद्ध केले म्हणून आज ती आपल्याला वाचता येतात.

जेरोम आणि ऑगस्टीन यांचे पुढे काय झाले? दहा वर्षे जवळजवळ शांतता. मग ४१५ साली ऑगस्टीनने ओरोसियस नावाच्या तरुणाला बेथलेहेमला पाठवले, सोबत दोन प्रश्न दिले, आणि या खेपेला पत्रे ठिकाणावर पोचली. त्याच वर्षी जेरोमने लिहिलेल्या एका संवादग्रंथात पेत्राचा ओझरता उल्लेख आहे, आणि त्यावरून पेत्राचे खरोखरच चुकले होते असा अर्थ निघतो. बैलाने पाय काढला होता, कुणाला न सांगता. ऑगस्टीनच्या ते ध्यानात आले. एका तिसऱ्याच गृहस्थाला लिहिताना त्याने त्याची नोंद केली. खुद्द जेरोमला लिहून त्याने विजयाचा नगारा वाजवल्याचे पत्र मात्र आढळत नाही. जेरोमच्या अखेरच्या पत्रांत ऑगस्टीनविषयी नुसता आदर आहे.

जेरोम ४२०च्या सुमारास वारला. त्यानंतर काही वर्षांनी, ४२६ साली, ऑगस्टीन धर्मोपदेशकांसाठी लिहिलेल्या आपल्या ग्रंथाचा शेवटचा भाग पुरा करीत होता. उत्तम वक्तृत्वाचा नमुना म्हणून त्याला आमोस संदेष्ट्याचा एक उतारा हवा होता. जुने ग्रीक वळणाचे भाषांतर त्याच्यापुढे होतेच, ज्यासाठी तो एकेकाळी भांडला होता. ते बाजूला ठेवून त्याने दुसरे घेतले, आणि हा उतारा धर्मगुरू जेरोम याने हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणलेला आहे, असे नाव घालून लिहिले.